जॉर्ज हॅरिसन : १९७० आणि १९८७ च्या मधली वर्षं

बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या एकट्याच्या कामाचा विषय निघाला की गप्पा दोनच ठिकाणी जाऊन थांबतात. एक १९७० चा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आणि दुसरा १९८७ चा 'क्लाउड नाइन'. मधली सतरा वर्षं म्हणजे उतरती कळा, असं बहुतेक जण धरून चालतात. मी त्याला कॉलेजपासून ऐकतोय आणि मला हे पटत नाही. उतार आहेत, काही ठिकाणी तर पूर्ण बाजू ऐकवत नाही इतके आहेत. पण चांगलं काम नेमकं कुठे झालं आणि कुठे बिघडलं, हे एकेक रेकॉर्ड घेऊन पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. म्हणून हा धागा.

आधी सुरुवातीचं. बीटल्समध्ये त्याच्या वाट्याला एका रेकॉर्डवर एक, फार तर दोन गाणी यायची. 'रिव्हॉल्व्हर'वर तीन आली तर ती मोठी गोष्ट होती. लेनन आणि मॅकार्टनी दोघं मिळून भरभरून लिहीत होते आणि हा तिसरा वहीत गाणी साठवत होता. 'इझन्ट इट अ पिटी' आणि 'आर्ट ऑफ डाइंग' ही दोन्ही गाणी १९६६ मध्ये सुरू झालेली. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणं त्याने जानेवारी १९६९ मध्ये ट्विकनहॅमच्या तालमीत बाकीच्यांपुढे ठेवलं आणि तिथेच ते राहून गेलं. बँड फुटल्यावर हा सगळा साठा एकदम बाहेर आला : तीन रेकॉर्डचा संच, त्यातल्या दोन रेकॉर्डवर अठरा गाणी, तिसरीवर स्टुडिओतली जॅम, म्हणजे आयत्या वेळी मिळून वाजवलेलं. लोक म्हणतात की पहिल्याच फटक्यात त्याने शिखर गाठलं. माझ्या मते ते चार-पाच वर्षांचं काम होतं, फक्त एका तारखेला प्रसिद्ध झालं. पुढच्या प्रत्येक रेकॉर्डची तुलना त्याच्याशी झाली आणि ती पहिल्यापासून असमान होती.

खरं तर ती पहिली रेकॉर्डही नव्हती. पहिली 'वंडरवॉल म्युझिक', १९६८ ची, आणि तिचा मोठा भाग आपल्या मुंबईत झाला. जानेवारी १९६८ मध्ये फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आशिष खाँ सरोदवर, महापुरुष मिश्र तबल्यावर, शिवकुमार शर्मा संतूरवर, शिवाय शहनाई, तारशहनाई, सितार. स्टुडिओ बाहेरच्या आवाजापासून नीट बंद नव्हता, रस्त्यावरची वर्दळ आत यायची. याच मुक्कामात 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं. ते गाणं मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं गाणं यायची ती पहिली वेळ, आणि त्याची वाद्यं वाजली फोर्टात. त्याआधी सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सितार शिकायला आला होता. ताजमध्ये खोट्या नावाने उतरला, पण बातमी फुटली, हॉटेलखाली गर्दी झाली आणि शेवटी त्यांना काश्मीर गाठावं लागलं. हे सांगतोय कारण त्याच्या पुढच्या सगळ्या वाजवण्यात ही शिकवणी आहे. त्यावर खाली येतो.

१९७३ चा 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. 'गिव्ह मी लव्ह'ने मॅकार्टनीच्या 'माय लव्ह'ला पहिल्या जागेवरून खाली आणलं. 'ऑल थिंग्ज'चा सहनिर्माता फिल स्पेक्टर, त्याचा तो प्रचंड ध्वनीचा डोंगर इथे नाही. निकी हॉपकिन्सचा पियानो आणि जिम केल्टनरचे ड्रम्स स्वच्छ ऐकू येतात. 'बी हिअर नाऊ' आणि 'दॅट इज ऑल' मला आजही फार वरची वाटतात. पण अर्धी रेकॉर्ड उपदेश करते, आणि संथ गाण्यांमागे संथ गाणी लावल्याने दुसरी बाजू संपता संपत नाही. कोणीतरी शेजारी बसून 'यातली दोन काढ, हे वेगळं गाणं मध्ये घाल' असं म्हणायला हवं होतं. स्पेक्टरवर भरवसा उरला नव्हता म्हणून निर्मिती त्याने स्वतः केली. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन नाही, लेनन नाही, मॅकार्टनी नाही. ज्यांनी त्याची गाणी अडवली त्यांनीच त्याला गाळणीही दिली होती, हे मला फार उशिरापर्यंत कोणी लिहिलेलं दिसलं नाही.

आणि मग १९७४. याच्याबद्दल नीट बोलायला हवं, कारण त्याच्या नावावरचा सगळ्यात मोठा डाग हाच धरतात. त्या वर्षी त्याने आपली नवी रेकॉर्ड कंपनी सुरू केली, दुसऱ्या कलाकारांच्या रेकॉर्डची निर्मिती केली, संसार मोडला, स्वतःची रेकॉर्ड अर्धवट होती आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिका-कॅनडाचा पंचेचाळीस कार्यक्रमांचा दौरा ठरला होता. घसा बसला. 'डार्क हॉर्स' हे शीर्षकगीत लॉस एंजेलिसमध्ये दौऱ्याच्या तालमीतच दौऱ्याच्या बँडबरोबर ध्वनिमुद्रित झालं, आणि त्यात तो गातोय म्हणण्यापेक्षा घासतोय. दौऱ्यात तसाच गायला. लोक बीटल्सची गाणी ऐकायला आले होते. त्याने ती मोजकीच घेतली आणि 'इन माय लाइफ'मध्ये शब्द बदलून देवाचं नाव घातलं. समीक्षकांनी सोलून काढलं. इंग्लंडमध्ये ती रेकॉर्ड खपाच्या यादीतच आली नाही.

आता त्या रेकॉर्डवरचं 'सो सॅड' ऐका. बायको पॅटीपासून वेगळं होण्यावरचं गाणं आहे. बारा तारांची गिटार, वर स्लाइड (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवणं), आणि फाटक्या आवाजात वरच्या पट्टीत जायची धडपड. चांगल्या आवाजात हे गाणं इतकं खरं लागलं नसतं असं मी म्हणणार नाही, चांगला आवाज हवाच होता. पण गाणं म्हणून ते पहिल्या प्रतीचं आहे आणि 'डार्क हॉर्स म्हणजे कचरा' या एका वाक्यात ते बुडालं. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं 'डिंग डाँग' मात्र मी सुई उचलून पुढे नेतो.

१९७५ च्या 'एक्स्ट्रा टेक्स्चर'वर फार थांबत नाही. करार पुरा करायला केलेली रेकॉर्ड आहे आणि तशीच ऐकू येते. सुरुवातीचं 'यू' जोरदार, पण त्याचा मूळ ट्रॅक १९७१ चा, गायिका रॉनी स्पेक्टरसाठी केलेला.

माझं मुख्य म्हणणं १९७९ च्या रेकॉर्डबद्दल आहे, जिचं नाव फक्त 'जॉर्ज हॅरिसन'. १९७७ सालभर त्याने संगीत जवळजवळ बाजूला ठेवलं, फॉर्म्युला वनच्या शर्यती बघत फिरला. १९७८ मध्ये मुलगा झाला, ऑलिव्हियाशी लग्न झालं. काही गाणी हवाईत लिहिली. आणि या वेळी त्याने निर्मितीला सोबत रस टायटलमनला घेतलं, म्हणजे स्टुडिओत दुसरे कान आले. फरक पहिल्या मिनिटाला कळतो.

'ब्लो अवे' फ्रायर पार्कमध्ये एका पावसाळी दिवशी सुचलं. एवढा मोठा वाडा, छप्पर गळतंय, आणि हा बागेतल्या एका खोपटात बसून बघतोय. गाण्याची सुरुवातीची स्लाइडची ओळ नीट ऐका. ती चालीची नक्कल करत नाही, चालीला उत्तर देते. 'नॉट गिल्टी' हे १९६८ मध्ये बीटल्सनी शंभराहून जास्त टेक घेऊन टाकून दिलेलं गाणं. तेव्हा त्यात राग होता. इथे इलेक्ट्रिक पियानोवर, हलक्या हाताने, अकरा वर्षांनी राग निवल्यावर त्याने ते पुन्हा केलं आणि मला हीच आवृत्ती जास्त आवडते. आणि 'युअर लव्ह इज फॉरएव्हर'. खुल्या ट्यूनिंगमधली गिटार, एक स्वर सोडून दुसऱ्यावर जाताना पहिला अजून वाजत असतो, त्यामुळे तंबोऱ्यासारखी भरलेली जागा तयार होते आणि आवाज त्यात अगदी खाली, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत येतो. देव आणि बायको दोघांनाही ते गाणं लागू पडतं आणि तो कोणालाच काही शिकवत नाही. १९७३ मध्ये जे सांगायला त्याला सगळी रेकॉर्ड लागली ते इथे चार मिनिटांत होतं. ही रेकॉर्ड अमेरिकेत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि विसरली गेली. त्याच्या सगळ्या कामात सलग ऐकवते अशी ही एकच रेकॉर्ड आहे, 'ऑल थिंग्ज'सुद्धा नाही.

पुढे १९८० मध्ये कंपनीने 'समव्हेअर इन इंग्लंड' परत पाठवली, चार गाणी बदलायला लावली. म्हणजे 'हे काढ' म्हणणारा अखेर भेटला तो कंपनीतला, आणि त्याने काढायला लावलं त्यात 'सॅट सिंगिंग' होतं, ध्यानाला बसण्यावरचं नितांत सुंदर गाणं. त्याजागी आलेल्यांत 'ब्लड फ्रॉम अ क्लोन' हे कंपनीवरच्या चिडीतून लिहिलेलं. लेननच्या खुनानंतरचं 'ऑल दोज इयर्स अगो' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण त्याची चाल आधीची, रिंगोसाठी केलेली, आणि शब्द नंतर बसवले. इतकं मोठं दुःख त्या उडत्या चालीला कधीच पेललं नाही असं मला वाटतं. १९८२ च्या 'गॉन ट्रोपो'च्या प्रसिद्धीसाठी त्याने काहीच केलं नाही. मग पाच वर्षं गप्प.

'क्लाउड नाइन' चांगली आहे, सहनिर्माता जेफ लिनने कडेकोट बांधली आहे, आणि जानेवारी १९८८ मध्ये 'गॉट माय माइंड सेट ऑन यू' अमेरिकेत पहिलं आलं. पण ते गाणं त्याचं नव्हे, रूडी क्लार्कचं, जेम्स रेने साठच्या दशकात गायलेलं. पुनरागमनाचा झेंडा दुसऱ्याच्या गाण्याने फडकला. याचं मला वाईट वाटतं, कारण त्याच रेकॉर्डवर त्याच्या स्वतःच्या स्लाइडने उघडणारं शीर्षकगीत आहे.

या सगळ्या चढउतारात एक गोष्ट कधीच घसरली नाही आणि ती म्हणजे ही स्लाइड. १९६९ च्या शेवटी डेलेनी अँड बॉनीबरोबरच्या दौऱ्यात त्याने ती हातात घेतली. वर्षभरात 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये दोन स्लाइड एकमेकींना धरून वाजतात. लेननच्या 'हाऊ डू यू स्लीप'मध्ये, बॅडफिंगरच्या 'डे आफ्टर डे'मध्ये, पार १९९५ च्या 'फ्री ॲज अ बर्ड'मध्ये एक स्वर ऐकला की हाच, हे कळतं. लोक त्याची गाणी मोजतात. मला वाटतं तो शेवटपर्यंत वाढत गेला तो वादक म्हणून, आणि त्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना ही बाजू धरली तर 'उतरती कळा' हा शब्दच वापरता येत नाही.

तुमचं मत लिहा. विशेषतः १९७९ बद्दल.

— खर्जातला_सा

---

तिन्हीसांज

फार आवडला लेख. वाचनखूण साठवली.

स्लाइडबद्दल थोडं लिहिते, गाणं शिकल्यामुळे मला तेवढंच नीट कळतं. ब्लूजमधला स्लाइडवादक बहुतेक वेळा स्वरावर खालून येतो, त्यावर जोराने थरथर करतो आणि सोडून देतो. तुकडे असतात, दमदार असतात. हॅरिसन तसं करत नाही. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवतो आणि पोचल्यावर स्वर स्थिर ठेवतो. ही आपली मींड आहे. सितारीवर पडद्यावर तार ओढून जे करतात तेच तो काचेची नळी घालून तारेवर करतो. रविशंकरांकडे शिकून सितारवादक होणं जमणार नाही हे त्याला साठच्या दशकाच्या शेवटी कळलं आणि तो गिटारकडे परत आला, पण कान मात्र तोच राहिला. स्लाइडवर पडद्यांचा आधार नसतो, सूर पूर्ण कानावर. त्याचा सूर फार सच्चा आहे.

'मारवा ब्लूज'चा उल्लेख यायलाच हवा होता. 'ब्रेनवॉश्ड'वर आहे, जी तो गेल्यावर नोव्हेंबर २००२ मध्ये आली, मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी पुरी केली. नुसतं वाद्यसंगीत. शास्त्रोक्त मारवा शोधायला जाऊ नका. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य आणि षड्जावर टेकायचं टाळत राहायचं. इथे खाली पाश्चात्य कॉर्ड चालू आहेत. पण मारव्यातली ती दिवेलागणीची बेचैनी त्याने पकडली आहे. प्रत्येक ओळ घरी येतेय असं वाटतं आणि किंचित आधी थांबते. या तुकड्याला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

जुनी_कॅसेट

लेख उत्तम, पण 'मटेरियल वर्ल्ड'वर अन्याय झालाय. उपदेश, उपदेश असं इंग्लिश समीक्षक म्हणतात कारण त्यांना रॉक रेकॉर्डवर देव नको असतो. आपण तरी का म्हणावं? आपल्याकडे अर्धं संगीत तेच आहे. तुकोबा ऐकणाऱ्याला कमी झापतात का? वारीत अभंग म्हणताना कोणी 'फार उपदेश होतोय बुवा' म्हणत नाही. जो माणूस रोज जप करतो तो जपाबद्दल लिहिणार. 'गिव्ह मी लव्ह' म्हणजे तीन मिनिटांचं मागणं आहे, देवाकडे हात पसरलेत, त्यात कोणाला शिकवणं कुठे आलं?

शिवाय त्या रेकॉर्डवरच्या बहुतेक गाण्यांचे हक्क त्याने १९७३ मध्येच मटेरियल वर्ल्ड चॅरिटेबल फाउंडेशनला देऊन टाकले. बोलल्याप्रमाणे वागलाही. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १ ऑगस्ट १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम केले, रविशंकरांनी सांगितलं म्हणून. आज असे मोठे मदतीचे कार्यक्रम सर्रास होतात, तेव्हा हा पायंडा त्याने पाडला. त्या मैफलीची पहिली बाजू रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती यांची. वाद्यं जुळवून झाली तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि रविशंकर त्यांना म्हणाले की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणंही आवडेल अशी आशा आहे. अमेरिकन पोरांना चाळीस हजारांच्या संख्येने हे ऐकायला बसवणं हेही त्याच्या कारकिर्दीत मोजा.

खर्जातला_सा

@तिन्हीसांज, मींडेबद्दल इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. 'मारवा ब्लूज'वर वेगळा धागा काढायचा विचार होता म्हणून इथे राखून ठेवलं होतं. आता तुम्हीच काढा.

@जुनी_कॅसेट, 'गिव्ह मी लव्ह'बद्दल पूर्ण सहमत, ते मागणंच आहे आणि म्हणूनच ते टिकलं. पण तुकोबांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तुकोबा आधी स्वतःला धरतात. आपली लाज, आपलं कर्ज, आपला हट्ट सगळं अभंगात येतं, आणि मग लोकांना बोलतात. 'द लाइट दॅट हॅज लाइटेड द वर्ल्ड'मध्ये हा माणूस म्हणतो की मी बदललो आणि लोकांना ते बघवत नाही. त्यात स्वतःची झडती कुठे आहे? तक्रार आहे. देवाचं नाव आल्याने मला अडचण नाही, 'माय स्वीट लॉर्ड' तर मी हजारदा ऐकलं असेल. तिथे तो तहानलेला आहे. 'मटेरियल वर्ल्ड'च्या काही गाण्यांत तो पोचलेला आहे आणि आपण पोचलो नाही, असा सूर लागतो. हक्क देऊन टाकले हे थोरच, पण त्याने गाणं मोठं होत नाही.

जुनी_कॅसेट

'स्वतःची झडती' हवी तर त्याच रेकॉर्डचं शीर्षकगीत घ्या. त्यात तो ऐहिक जगात अडकलोय असं स्वतःबद्दलच म्हणतो. रॉक आणि तबला-सितार एका गाण्यात आलटून पालटून येतात, ते दोन जगांत ओढला जाण्याचंच चित्र आहे. मी या मुद्द्यावर हटणार नाही.

काळा_कोट

'माय स्वीट लॉर्ड'चं नाव निघालंय तर खटल्याबद्दल. मधली वर्षं पातळ का झाली याचं हेही एक कारण मला वाटतं.

शिफॉन्स या गटाच्या १९६३ च्या 'हीज सो फाइन'ची चाल उचलली असा दावा त्या गाण्याची हक्कदार कंपनी ब्राइट ट्यून्सने १९७१ मध्येच लावला. निकाल १९७६ मध्ये. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीत रचणारे होते, त्यांनी चालीचे दोन तुकडे वेगळे काढून तपासले. निष्कर्ष असा की हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली नाही, पण ते गाणं त्याला माहीत होतं आणि नकळत तेच उतरलं, आणि नकळत उतरलं तरी ते उल्लंघनच. प्रताधिकाराच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात. पुढचा भाग जास्त कडू आहे. खटला सुरू झाला तेव्हा ॲलन क्लाइन हॅरिसनचा व्यवस्थापक होता. नंतर दोघांचं फाटलं आणि क्लाइनने वादी कंपनीचेच हक्क पाच लाख सत्त्याऐंशी हजार डॉलरला विकत घेतले, म्हणजे आपल्याच जुन्या अशिलाविरुद्ध उभा राहिला. कोर्टाला हे पटलं नाही. आधी नुकसानभरपाई सुमारे सोळा लाख ठरली होती, ती क्लाइनने मोजलेल्या रकमेपुरतीच दिली. प्रकरण तरीही नव्वदच्या दशकापर्यंत रेंगाळलं.

साक्षीसाठी गिटार घेऊन कोर्टात बसायचं, सुरावट कशी सुचली हे स्वरास्वराने सांगायचं, आणि घरी येऊन नवीन चाल शोधायची. यानंतर लिहायला बसणं अवघड झालं असं त्याने स्वतः म्हटलं आहे. १९७५ ची ती कोरडी रेकॉर्ड याच काळातली.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत सेकंडहँड रेकॉर्डच्या दुकानांत 'डार्क हॉर्स' ढिगाने मिळते, 'ऑल थिंग्ज' क्वचित. लोकांनी काय ठेवलं आणि काय काढलं ते दिसतं.

१९७४ च्या दौऱ्याबद्दल एक बाजू राहिली. अर्धा कार्यक्रम रविशंकरांच्या भारतीय वाद्यवृंदाचा होता, आणि त्यात कोण होते बघा : अल्लारखाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सुलतान खाँ, एल. सुब्रमण्यम, लक्ष्मी शंकर. ही माणसं बास्केटबॉलच्या मैदानांत वाजवत फिरली. शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला आणि बाकीचा बराच दौरा त्यांच्याशिवाय झाला. प्रेक्षक अस्वस्थ व्हायचे, ओरडायचे. दौरा फसला हे खरं. पण जॉर्ज फक्त बीटल्सची गाणी घेऊन गेला असता तर मजेत पैसे मिळवून आला असता. त्याने ते केलं नाही. त्याच वर्षी आलेली, त्याने निर्मिती केलेली 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' ही रेकॉर्ड शोधा, त्यात लक्ष्मी शंकरांनी गायलेलं 'आय ॲम मिसिंग यू' आहे. कृष्णाच्या विरहाचं गाणं, इंग्रजीत, गळा पूर्ण आपला.

खर्जातला_सा

@काळा_कोट, क्लाइनची बाजू इतकी स्पष्ट कुठे वाचली नव्हती. 'धिस साँग' हे १९७६ चं गाणं त्याने या खटल्यावरच केलं आणि ते चांगलं जमलंय. ती रेकॉर्ड, 'थर्टी थ्री अँड वन थर्ड', मी लेखात ओलांडून गेलो पण तिच्यावर 'ब्युटिफुल गर्ल' आणि 'लर्निंग हाऊ टू लव्ह यू' आहेत. काविळीतून उठून केलेली रेकॉर्ड आहे, उशीर झाला म्हणून वितरक कंपनीने त्याच्यावर दावाही लावला होता. १९७९ च्या मोकळेपणाची चाहूल तिथे लागते.

@एडिसनकर, सहमत. दौरा वाईट झाला तो घशामुळे आणि घाईमुळे. कल्पना चुकीची नव्हती.

पावसाळी_दुपार

वाचतेय. मला फक्त 'हिअर कम्स द सन' आणि 'समथिंग' माहीत आहेत. धाग्यातली नावं बघून गोंधळ झालाय. 'ब्रेनवॉश्ड' एकदा लावली होती कारण तिच्या शेवटी 'नमः पार्वतीपते हर हर महादेव' आहे असं कोणीतरी सांगितलं. ऐकून चमकलेच, आमच्याकडे प्रत्येक आरतीनंतर हाच गजर असतो, आणि हा इंग्रज माणूस मुलाबरोबर तो म्हणतोय. पण त्याआधीचं गाणं फार रागीट वाटलं. सुरुवात कुठून करू?

तिन्हीसांज

@पावसाळी_दुपार, ते गाणं रागीटच आहे. शाळा, बाजार, बँका, सगळ्यांनी डोकी भरवली असं म्हणत म्हणत तो त्या नामावर येऊन थांबतो. मी तरी सुरुवात त्याच रेकॉर्डच्या 'एनी रोड'ने करायला सांगेन. युकुलेले आहे, हलकं आहे.

जुनी_कॅसेट

'ऑल थिंग्ज मस्ट पास'. दुसरं काही नाही. आणि २०२१ ची नवी मिक्स (आवाजांची नव्याने केलेली जुळणी) घ्या, त्यात आवाज पुढे आलाय. जॉर्जलाच तो जुना घुमारा पुढे जड वाटत होता.

खर्जातला_सा

@पावसाळी_दुपार, सगळी रेकॉर्ड एका दमात लावू नका, विशेषतः 'ऑल थिंग्ज'ची तिसरी, ती जॅम तुम्हाला आत्ता कंटाळवाणी होईल. 'बिवेअर ऑफ डार्कनेस' आणि 'रन ऑफ द मिल' ही दोन तिथून घ्या. मग १९७९ ची पूर्ण, पहिल्यापासून, गाणी न गाळता. 'ब्लो अवे' लगेच आवडेल, 'युअर लव्ह इज फॉरएव्हर'ला दोन-तीनदा ऐकावं लागेल. त्यानंतर 'गिव्ह मी लव्ह' आणि 'सो सॅड' लागोपाठ लावा. वर्षभराच्या अंतराने तोच माणूस, तोच हात, आणि गळ्याचं काय झालं ते कळेल. 'क्लाउड नाइन' नंतर कधीही.

@जुनी_कॅसेट, नव्या मिक्सबद्दल माझं वेगळं मत आहे. 'वा-वा'मध्ये सगळी वाद्यं एकमेकांवर आदळतात तीच त्या गाण्याची मजा आहे, १९६९ च्या जानेवारीत बँड सोडून घरी गेला त्या दिवशीचं गाणं आहे ते. ते साफ केलं की राग कमी होतो. 'बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर' मात्र नव्यात ऐकावं.

जुनी_कॅसेट

'वा-वा'चं मान्य. 'लेट इट डाउन'चं काय? जुन्या मिक्समध्ये त्याचे शब्द मला अजून लागत नाहीत.